पाण्याखालची सुपारी

अन्वी, परवा तू फोनवर हसत हसत सांगितलंस, "आजी, समुद्राच्या तळाशी होते आणि तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली! फनी ना?"

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"काही नाही गं. आता खाली जाताना च्युइंगम ठेवते तोंडात. मस्त ओलं राहतं."

माझ्या हातातून फोन पडला. आजोबांना वाटलं, नेटवर्क गेलं. नेटवर्क जागेवर होतं, मीच जागेवर नव्हते. मी बदलापूरच्या नदीकाठी, चिखलात गुडघे टेकून बसले होते आणि माझी दोन बोटं एका माणसाच्या घशात होती.

तू परत फोन केलास तेव्हा "च्युइंगम नको, आधी ते थुंक" एवढंच मी कसंबसं बोलले. तू म्हणालीस, "ओके आजी." हे 'ओके आजी' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तुझी आई 'बरं आई' म्हणायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची. म्हणून आता सगळं सुरुवातीपासून, नीट लिहून काढते. एका दिवाळी अंकानं माझ्याकडे दवाखान्यातल्या आठवणी मागितल्याच आहेत, त्यांनाही हेच पाठवणार. ईशान, तू बहिणीसारखा पाण्यात उतरत नाहीस, पण तूही वाच. ज्यावर तू "शी, आजी!" म्हणतोस तसलं यात पुष्कळ आहे.

माझा दातांचा दवाखाना अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर खुर्चीतल्या माणसाला वाटायचं, मी न सांगताच मशीन चालू केलं. निम्मे लोक त्या आवाजानंच ओरडत. तुमचे आजोबा तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि गिरणीवाल्याशी बोलून 'काहीतरी व्यवस्था' लावणार होते. ती व्यवस्था मी निवृत्त होईपर्यंत लागली नाही.

मी शिकले सगळं इंग्रजीत. दवाखाना उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की माझ्या पुस्तकात दुखण्याला जेमतेम दोन शब्द होते आणि जवळच्या बुवापाड्याच्या वस्तीतून येणाऱ्या बायकांकडे ओंजळभर. दाढ ठणकते, ठसठसते, सणक मारते, दात आंबतात, हिरडी शिवशिवते. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं. ठसठस म्हणजे पू धरला. सणक म्हणजे नस उघडी पडली. हे मला शिकवलं माझी मदतनीस शेवंता हिनं. ती बुवापाड्यातच राहायची, अवजारं उकळायची, रुग्णांचे नंबर लावायची आणि मधूनमधून त्यांची लग्नंही जुळवायची.

हळूहळू मला दुसरी एक विद्या आली, तिचा मला अजून अभिमान आहे. मी दात बघून माणसाचा धंदा सांगायची. पुढच्या दाताच्या कडेला बारीक खाच असली की तो उल्हासनगरचा शिलाईवाला, कारण दिवसभर दातानं दोरा तोडायचा. पुढचे दात पातळ, काचेसारखे झाले असले की तो आम्लाच्या टाक्यांवर काम करणारा, वाफ दात खात असते. पहिल्यांदा असे दात पाहिले तेव्हा मी त्या माणसासमोरच तोंडावर हात ठेवला होता. तोच मला म्हणाला, "बाई, घाबरू नका, दुखत नाही." शेवंता रुग्णांना मुद्दाम सांगायची, "गप बसा, बाई ओळखतात का बघू."

तर नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या एका वर्षी, उन्हाळ्यात, एक माणूस आला. वय पस्तिशीचं, छाती पिंपासारखी, आवाज मात्र एवढासा. नाव रघुनाथ, गाव खरवई. तेव्हा खरवई म्हणजे बदलापूरच्या कडेला भातशेती आणि मोजकी घरं. आजच्यासारख्या इमारती नव्हत्या.

"काय होतंय?"

"तिखट लागतं बाय. साधी भाकर खाल्ली तरी तोंडान आग होते."

मी 'आ' करायला सांगितलं. त्यानं केला. मी म्हटलं, "आणखी." तो म्हणाला, "आनखी नाय, एवराच."

आत बत्ती धरली आणि मी चक्रावले. दोन्ही बाजूंचे सुळे आणि त्यांच्यामागचे दात अगदी सारखे झिजलेले, जणू रोज काहीतरी मऊ पण जाड असं दोन्हीकडे चावून धरत असावा. शेवंता वाट बघत होती. रुग्णासमोर हरायचं नाही म्हणून मी ठोकून दिलं, "सनई वाजवता?"

रघुनाथ इतका हसला की खुर्ची हलली. "नाय बाय. मी बुरी मारतू. पान्यान."

मग त्यानं सांगितलं. त्याचा बाप नुसत्या दमावर नदीच्या डोहात उतरायचा. रघू काही वर्षं मुंबईला गोदीतल्या एका ठेकेदाराकडे होता, तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरायला शिकला. येताना एक जुना संच घेऊन आला. आता नदीतून गावांना आणि कारखान्यांना पाणी ओढतात त्या जॅकवेलच्या जाळ्यांत अडकलेला कचरा काढायचं काम करायचा. आणि कुणी बुडालं, तर लोक त्यालाच बोलवायला यायचे. त्या कामाचे तो काही घेत नसे.

"आनि बाय, खरी तक्रार येगलीच हाय. हसू नका. पान्याखाली माझं तोंड सुकतं."

मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. डोक्यावर पंधरा-वीस फूट पाणी आणि माणूस तहानेनं व्याकूळ? त्यानं समजावलं तेव्हा पटलं, आणि अन्वी, तुलाही हे कळायला हवं. टाकीत हवा दाबून भरताना तिच्यातली ओल काढून टाकतात, नाहीतर टाकी आतून गंजते. नाकावर मुखवटा, त्यामुळे ती सुकी हवा तोंडानंच ओढायची. एरवी श्वासाला ओल द्यायचं काम नाक करतं. नाक बंद झालं की ती ओल जिभेकडून, गालांकडून घेतली जाते. प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी. म्हणून तोंडाचं वाळवंट होतं.

"मग तुम्ही काय करता त्याला?" मी विचारलं. तुला विचारलं तसंच.

"सुपारी घेतू."

शेवंताच्या हातातला ट्रे थांबला.

"म्हणजे?"

"उतराच्या आधी घेतू. एका मानसामागं एक सुपारी. कवा दोघं असली तं दोन. मानूस वर येईपरत पुरते."

तेव्हाच्या पेपरात सुपारीचा एकच अर्थ छापून यायचा. पैसे घेऊन माणूस मारणं. बाहेरच्या बाकावर एक हवालदार दाढ धरून बसले होते. शेवंतानं ट्रे खाली ठेवला, दाराशी गेली, दार लोटून घेतलं आणि कुजबुजली, "बाई, हा मारून वर परत काढतोपण!"

रघूला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं कमरेचा बटवा काढून माझ्या टेबलावर उपडा केला. चार भाजक्या सुपाऱ्या घरंगळल्या. "ही बाय, ही! खायाची!" अर्धी फोडून डाव्या गालात धरायची, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं, पाण्याखाली घसा ओला राहतो.

माझा जीव भांड्यात पडला आणि तसाच परत वर आला. कारण आता त्याच्या डाव्या गालाकडे बघायचं मला सुचलं.

आधी एक करा. तुमच्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तुमच्याच तोंडात घालून बघा. जायला हवीत. गेली? रघूची दोन गेली, दुसरं कष्टानं. गाल आतून पांढुरका, चामड्यासारखा ताठ. मी बोटानं चाचपला तर कातडीखाली दोऱ्या ताणल्यासारखं लागलं. सुपारी हेच करते. वर्षानुवर्षं गालात धरली की गालाची लवचीक कातडी आखडत जाते. आधी तिखट लागतं, मग तोंड कोरडं पडायला लागतं, मग ते उघडेनासं होतं. पुढे याहून वाईटही होऊ शकतं. म्हणजे ज्या कोरडेपणावर हा औषध म्हणून सुपारी घेत होता, तोच कोरडेपणा सुपारी वाढवत होती. शिवाय पाण्याखाली, तोंडात हवेची नळी असताना, गालात एक सुटा कठीण तुकडा! तो घशात सरकला तर? मी त्याला हे सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढत गेला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "सुपारी सोरतू. पन मंग तोंड सुकंल त्याचं काय?"

"पाणी प्या. उतरायच्या आधी चांगलं तांब्याभर."

त्यानं बटवा जवळ ओढला. मग टेबलावरच्या सुपाऱ्या गोळा करत म्हणाला, "जालीच्या कामाला पीन. दुसऱ्या कामाला पानी नाय चालत."

का चालत नाही ते त्यानं सांगितलं नाही. तो गेल्यावर शेवंता म्हणाली, "लघवीची पंचाईत असेल बाई. एवढा जामानिमा सोडायचा म्हणजे." मलाही तेच वाटलं.

एक गोष्ट माझ्या हातात होती. हवेच्या नळीच्या टोकाला रबरी तुकडा असतो, तो ओठांच्या आत घालून दोन्हीकडच्या दातांनी धरायचा. रघू त्याला 'बोंडलं' म्हणायचा, तान्ह्या बाळाच्या तोंडात देतात तसलं. त्याचं बोंडलं विलायती, मोठ्या जबड्याचं. न उघडणाऱ्या तोंडात ते कोंबून कोंबून त्याचा जबडा दुखायचा. मी त्याच्या दातांचा ठसा घेतला. गुलाबी लगदा तोंडात बसवल्यावर तो हातवाऱ्यांनी विचारू लागला, हे गिळायचं का? शेवंता म्हणाली, "गिळा, रात्रीचं जेवण वाचेल."

ठसा घेऊन मी उल्हासनगरला गेले. उल्हासनगरला सगळं बनतं असं म्हणतात, मला ते तपासायचं होतं. मागच्या गल्लीत लछूभाईंचा रबराचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक दाबयंत्र आणि छतापर्यंत कुकरच्या रिंगा. मी तोंड उघडायच्या आत समोर पाण्याचा ग्लास आला.

"पहले पानी," लछूभाई म्हणाले.

"नको, मी घरून पिऊनच…"

"डॉक्टरसाब, हम सिंधी लोग हैं. पानी को ना नहीं बोलते."

प्यायले. मग ठसा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"कितने पीस?"

"एक."

"एक?" ते आत वळून ओरडले, "हरेश! सुन, डॉक्टरसाब को एक पीस चाहिए!" मग माझ्याकडे, "एक पीस का कोई धंधा होता है? सौ पीस बोलो, ऊपर जापान लिखके दूंगा."

हरेश त्यांचा मुलगा, कॉलेज संपवून नुकताच धंद्यात आलेला, केसांना भांगाऐवजी नुसता फुगा. त्यानं ते जुनं विलायती बोंडलं हातात घेतलं आणि विचारलं, हे कुणासाठी, ते कसं वापरतात, माणूस किती खोल जातो. मी खरवईच्या रघूबद्दल सांगितलं. तो ऐकतच राहिला. "पप्पा, मैं बनाता हूं. बच्चों की निपल वाला रबर डालूंगा, नरम रहेगा." मग मला म्हणाला, "फ्लेवर कौन सा? आम या इलायची?"

मी म्हटलं, "गंमत पुरे."

आठवड्यानं बोंडलं आलं. रघूच्या तोंडात ते असं बसलं की त्यानं डोळेच मिटले. मग काढून नाकाशी नेलं. "बाय, इलायचीचा वास येतो."

त्या पोरानं खरंच वेलची घातली होती.

पावसाळा सरला, नदी उतरली. एके सकाळी मी एकाची दाढ काढायला सुई टोचली होती, तेवढ्यात रघूची बायको यमुना जिना चढून आली. तिला मी एकदाच पाहिलं होतं. धापा टाकत ती दारातच बसली.

"बाय, चला. तुमचं आयकल तो. काल सकालपासून पान्याचा थेंब नाय घेतला त्यानं, आनि अजून उतरतोच हाय."

"कुठे? का नाही घेतला?"

"नदीवर. मानूस घावला नाय म्हनून."

मी त्या दाढवाल्याला शेवंताच्या स्वाधीन केलं आणि यमुनेबरोबर रिक्षात बसले. बदलापूरपर्यंतच्या रस्त्यात तिनं मला रघूच्या घरातला नेम सांगितला. नदीनं माणूस गिळला की तो परत देईपर्यंत तिचं पाणी तोंडाला लावायचं नाही. तिनं आपलं ठेवून घेतलंय आणि आपण तिचंच पाणी गोड मानून प्यायचं, हे बरं नव्हे. सासरा पाळायचा, रघू पाळतो.

मी म्हटलं, "बरं, नदीचं नको. घरी नळ आहे की नाही तुमच्याकडे?"

यमुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान मूल. "नलान काय दुसरं पानी येतं बाय? नलान पन तीच."

हे खरं होतं. तिच्या घरच्या नळात तीच नदी, माझ्या दवाखान्यातल्या चूळ भरायच्या ग्लासात तीच. जाळ्या साफ करणाऱ्या माणसाला कुठला नळ कुठून येतो ते पक्कं ठाऊक. त्याला कुठलंच पाणी उरलं नव्हतं. उरली होती फक्त सुपारी. अशा कामाला जाताना तोंड कोरडं का पडतं आणि 'पानी नाय चालत' म्हणजे काय, हे मला त्या रिक्षात कळलं.

काठावर गर्दी होती. पोलीस होते, काही कॉलेजची मुलं रडत होती. एका दगडावर एक माणूस मांडीवर बुटांचा जोड घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली. लछूभाई.

कोण बुडालंय हे मी यमुनेला विचारलंच नव्हतं.

ते उठले नाहीत. बुटांवर हात ठेवून म्हणाले, "हरेश. दोस्तों के साथ आया था नहाने. डॉक्टरसाब, मैंने ही आदमी भेजा खरवई. एक ही गोताखोर का नाम मालूम था मुझे. आपका वो एक पीस…"

हरेशला शोधणाऱ्याच्या तोंडात हरेशनंच केलेलं बोंडलं होतं. त्यांच्या शेजारी बसावं म्हणून मी वळले, आणि तेवढ्यात पाणी फुटलं.

रघू वर आला, पण ते वर येणं नव्हतं. बोंडलं तोंडातून सुटून लोंबत होतं आणि दोन्ही हात गळ्याला. दोघातिघांनी त्याला ओढून काठावर घेतलं. ओठ निळे. आणि आवाज काहीच नाही. ज्याचा घसा पूर्ण बंद होतो तो खोकत नाही, ओरडत नाही, हे मी शिकले होते. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. लोक म्हणत होते, पाणी गेलं पोटात, पोट दाबा. मी ओरडले, "पाणी नाही, सुपारी!" आणि त्याला पालथा करून पाठीत बुक्के घातले. काही निघालं नाही.

मग मी त्याचं तोंड उघडायला गेले. ते तोंड, जे माझ्या खुर्चीतही धड उघडत नव्हतं.

माझी बोटं बारीक आहेत. कॉलेजात आमचे सर म्हणायचे, या मुलीला चिमटा नसला तरी चालेल. ती दोन बोटं मी त्याच्या दातांमधून आत घातली. आतून ते तोंड भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखं कोरडं होतं, बोट पुढे सरकेना. जिभेच्या मुळाशी, मागे, एक कठीण कड लागली. निसटली. पुन्हा लागली. त्याच वेळी त्याचा जबडा आवळला आणि दात माझ्या बोटात रुतले. मी बोट वाकवलं आणि तसंच ओढलं. अर्धी सुपारी बाहेर आली, माझ्या रक्तासकट.

अन्वी, लहानपणी तू माझ्या बोटावरची रेघ चाचपून विचारायचीस, "आजी, हे काय?" मी म्हणायची, भाजी चिरताना लागलं.

रघूनं श्वास घेतला. त्याचा आवाज करवतीसारखा आला. कुणीतरी त्याच्या तोंडासमोर पाणी धरलं. त्यानं मान फिरवली. पहिला शब्द बोलला तो, "घावला नाय."

आता मात्र माझा तोल गेला. मी त्याच्यावर ओरडले आणि नंतर लोकांनी सांगितलं की मी चक्क इंग्रजीत ओरडत होते. काठावर कुणाला काही कळलं नाही, पण सगळे दोन पावलं मागे सरले. एकानं धावत जाऊन शहाळं आणलं. हे तर नदीचं पाणी नाही! रघूनं त्याच्याकडे पाहिलं. "झार पन नदीकाठचाच." त्याही वेळी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. यमुना त्याच्या पायांशी बसून म्हणाली, "तू मेलास तं तुला काराला कोन उतरल रं?"

तोवर लछूभाई उठून आले होते. बूट दगडावर ठेवून आले होते. त्यांनी यमुनेला विचारलं, "पीता क्यों नहीं?" तिनं तुटक हिंदीत सांगितलं. त्यांनी ऐकलं. कुणाच्या तरी हातातून ग्लास घेतला आणि रघूसमोर चिखलात उकिडवे बसले.

"भाई, नदी ने बच्चा किसका लिया? तेरा?"

रघूनं मान हलवली. नाही.

"मेरा लिया. तो रूठना मेरा हक है, तेरा नहीं. मैं नहीं पीऊंगा आज उसका पानी. तू पिएगा. मैं पिलाता हूं." ग्लास त्याच्या ओठांना लावत ते म्हणाले, "पानी को ना नहीं बोलते."

रघू त्यांच्याकडे बघत राहिला. मग प्यायला. तोंड पुरतं उघडत नव्हतं, निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. लछूभाईंनी दुसरा ग्लास मागितला. मग तिसरा. मी आजवर इतक्या लोकांना चूळ भरायला पाणी दिलं, पण पाणी पाजणं म्हणजे काय ते तिथे पाहिलं.

त्यानं परत उतरू नये असं मी सांगितलं. डॉक्टर म्हणून सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो बराच वेळ पडून राहिला, नीट श्वास घेत. मग उठून बटव्यातली उरलेली सुपारी काढून माझ्या हातात दिली. "ही तुमी ठेवा." बोंडलं नदीत खंगाळलं, तोंडात बसवलं आणि गेला.

यावेळी तो वर आला तेव्हा एकटा नव्हता.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच, की लछूभाईंनी आधी हरेशचे केस नीट केले.

रघूनं सुपारी सोडली, ती कायमची. मला वाटलं होतं, गाल थोडे सैल पडतील. मी औषधं दिली, तोंड उघडायचे व्यायाम दिले. दर काही महिन्यांनी तो खुर्चीत बसायचा आणि शेवंता म्हणायची, "चला, बोटं." दोन आता सहज जायची, तिसरं टेकायचं आणि थांबायचं. ते कधीच गेलं नाही. सुपारीनं नेलेलं परत मिळत नाही. तो पाच वर्षं आधी माझ्याकडे आला असता तर, असं मला अजून वाटतं. पण तिखट लागतं म्हणून दाताच्या डॉक्टरकडे कोण येतं?

बोंडलं झिजलं की लछूभाई नवं करून पाठवायचे. एकच पीस. दरवेळी वेलचीच्या वासाचं.

नेम मात्र रघूनं मोडला नाही. यमुना एकदा सांगत होती, त्यानं तो फक्त बदलला. बुडालेल्या माणसासाठी उतरण्याआधी तो आता त्याच्या घरच्यांपैकी कुणाला तरी शोधतो, बाप, आई, भाऊ, जो काठावर असेल तो. आणि त्याच्यासमोर ओंजळ धरतो. त्यांनी पाणी पाजल्याशिवाय उतरत नाही. लोकांना आधी समजत नाही. मग समजतं.

म्हणून अन्वी, च्युइंगम नाही, गोळी नाही, लवंगसुद्धा नाही. हवेच्या नळीशिवाय तोंडात काही नको. उतरायच्या आधी सावकाश, पोटभर पाणी प्यायचं. खाली कोरड पडली तर जीभ खालच्या दातांमागे फिरवून लाळ येऊ द्यायची आणि गिळायची. सर्दीची गोळी घेऊन जायचं नाही, तिनंही तोंड सुकतं. हे तुला तुझ्या शिकवणाऱ्यांनीही सांगितलं असेल आणि तू त्यांना 'ओके' म्हणाली असशील.

पण ते पाणी स्वतः घेऊन पिऊ नकोस. बोटीवर जे कुणी असेल, तुझी मैत्रीण, तो होडीवाला, त्याच्याकडे माग आणि त्याच्या हातून घे. त्यांना विचित्र वाटेल. सांग, आमच्याकडे असं असतं. तू उतरशील तेव्हा मी काठावर नसणार. कुणीतरी माझ्या वतीनं पाजलेलं असू दे.